‘लहान मुलांचंच तर आहे’ : वी, स्विच आणि युबिसॉफ्ट

वडाची_पारंबी

गेल्या शनिवारी बेसमेंट आवरायला काढलं. (आवरायला काढलं असं नुसतं म्हणायचं, प्रत्यक्षात खोकी या भिंतीकडून त्या भिंतीकडे जातात.) त्यात आमचा जुना निन्टेंडो वी (टीव्हीला जोडायचं गेमचं यंत्र) सापडला. पांढरा डबा आता पिवळट पडलाय, दोन रिमोट, त्यातल्या एकात सेल फुटून हिरवं साचलेलं, आणि बावीस डिस्क. लेक कॉलेजातून सुट्टीला आली होती. दोघांनी जमिनीवर फतकल मारून डिस्कांचे दोन ढीग केले : ‘हा खेळलो’ आणि ‘हा कशाला घेतला’.

दुसरा ढीग मोठा निघाला.

त्यात एक घोड्यांचा गेम होता. कंपनीचं नाव सांगत नाही, आता ती असेल-नसेल. लेकीच्या सातव्या वाढदिवसाला दुकानातल्या ‘स्वस्तात काढलेला माल’वाल्या टोपलीतून मी तो उचलला होता. वेष्टनावर इतका देखणा घोडा की विचारू नका. घरी येऊन लावला. तिसऱ्याच मिनिटाला घोडा कुंपणाच्या आरपार गेला आणि निम्मा अलीकडे, निम्मा पलीकडे असा अडकला. पाय धावतायत, घोडा जागचा हलत नाही. पोरगी रिमोट हलवतेय, उभी राहून हलवतेय, दोन्ही हातांनी हलवतेय. शेवटी माझ्याकडे वळून म्हणाली, "बाबा, माझं काय चुकलं?"

आणि मी काय म्हणावं? "रिमोट नीट धर."

हे आठवलं आणि परवा रात्री झोप लागेना. मोठ्यांचा गेम बिघडलेला निघाला तर दुसऱ्या दिवशी जगभर बोंब होते, पैसे परत मागतात, कंपनीचा प्रमुख माफी मागतो. सात वर्षांची मुलगी बोंब मारत नाही. तिला वाटतं आपल्यालाच जमत नाही. आजी तर ‘मला नाही बाई येत’ म्हणून रिमोट ठेवून चहा करायला उठते. म्हणजे जिथे गिऱ्हाईक तक्रार करत नाही तिथे कंपनी कसा माल देते, त्यावर तिची नियत कळते. माझा मुद्दा एवढाच.

वी आला नोव्हेंबर २००६ मध्ये. २५० डॉलरला, सोबत टेनिस-बोलिंगवाला ‘वी स्पोर्ट्स’ फुकट (जपानात वेगळा घ्यावा लागायचा). शेवटपर्यंत १० कोटी १६ लाख यंत्रं खपली. एवढी मोठी जत्रा म्हटल्यावर फुगेवाले येणारच. निन्टेंडोचे स्वतःचे गेम घोटून केलेले असायचे, प्रश्न बाहेरच्या पब्लिशरांचा, म्हणजे गेम काढून विकणाऱ्या इतर कंपन्यांचा. बहुतेकांचा पहिला संघ प्लेस्टेशन-एक्सबॉक्सवर, आणि वीचं काम कुठल्यातरी छोट्या कंत्राटदाराकडे. बटणाच्या जागी ‘रिमोट हलवा’ लिहिलं की झाला वीचा गेम!

यात मला युबिसॉफ्ट ही फ्रेंच कंपनी सगळ्यात इंटरेस्टिंग वाटते, कारण तिला कुठल्याच ढिगात टाकता येत नाही. वीच्या पहिल्याच दिवशी मोठ्या आकड्याने गेम घेऊन हजर राहिलेली ही कंपनी. त्यात ‘रेमन रेव्हिंग रॅबिड्स’. ते डोळे वटारलेले पांढरे ससे, त्यातला गायीला साखळीने गरागरा फिरवून फेकायचा खेळ! आमच्या पहिल्या ढिगात तो सगळ्यात वर आहे. आणि त्याच दिवशी त्यांचाच ‘रेड स्टील’ आला. हातात रिमोट म्हणजे हातात तलवार, अशी हवा केली होती. प्रत्यक्षात तुम्ही हात कसाही फिरवा, पडद्यावरची तलवार चार ठरीव वार करायची. तरी दहा लाखांच्या वर खपला, कारण लोकांना तलवार हवी होती.

पुढे याच कंपनीने एकीकडे ‘इमॅजिन’ आणि ‘पेट्झ’ या मालिकांमधून छोट्या मुलींसाठी फॅशन, बाळं, कुत्री-मांजरी असा रतीब घातला, आणि दुसरीकडे २०१७ ला मारिओलाच हाताशी धरून फार सुंदर काम केलं. तर मंडळी, पास की नापास?

---

कढीलिंबाची_फांदी

जिव्हाळ्याचा विषय! आमच्याकडे २०११ मध्ये सासूबाई सहा महिने राहायला आल्या होत्या. बाहेर बर्फ, घरात टीव्हीवर काही मराठी नाही, गुडघे दुखतात. मुलं ‘जस्ट डान्स’ लावायची. (हाही युबिसॉफ्टचाच.) एक दिवस नातीने बळंच त्यांच्या हातात रिमोट दिला. त्या सोफ्यावरून उठल्या नाहीत. बसल्या बसल्या फक्त उजवा हात, आरती ओवाळताना फिरवतात तसा, तालावर. आणि गंमत म्हणजे नातीपेक्षा जास्त गुण!

कारण त्या यंत्राला फक्त रिमोट दिसतो. तुम्ही नाचताय की सोफ्यावर बसून भेंडी निवडताय, त्याला काय कळतंय. समीक्षकांनी पहिल्या ‘जस्ट डान्स’ला (२००९) यावरूनच धोपटलं होतं, की हा कसला गेम, नीट मोजमापही करत नाही. पण नेमक्या त्याच ढिलेपणामुळे माझ्या सासूबाई खेळू शकल्या. मला तरी याला वाईट माल म्हणवत नाही. तुमच्या त्या वाक्यात बसवायचं तर, ‘जस्ट डान्स’ खेळताना कुणी ‘माझं काय चुकलं’ असं विचारत नाही.

---

तिरकस_तिरफळ

आलं रडगाणं. अहो पारंबी, टोपलीतून माल उचललात तुम्ही आणि नियत कंपनीची? मडगावच्या बाजारात आम्ही बांगड्याचे कल्ले उघडून बघतो, मगच पैसे देतो.

कंपनी धंद्याला बसलीय. वीचा बहुसंख्य गिऱ्हाईक ‘वी स्पोर्ट्स’ खेळून खूश होता, दुसरं काही घ्यायचंच नव्हतं त्याला. तिथे कोण पहिला संघ पाठवणार? ज्यांनी पाठवला त्यांचं काय झालं ते बघा. सेगाने ‘मॅडवर्ल्ड’ आणला, ईएने ‘डेड स्पेस’चा खास वीसाठी केलेला भाग आणला, दोन्ही २००९ चे, दोन्हींचं समीक्षकांनी कौतुक केलं, दोन्ही पडले. मग पुढच्या वर्षी कोण येईल?

---

खडूचा_तुकडा

तिरफळ, कल्ले उघडून बघायची सोय होती म्हणूनच बाजार टिकतो ना. गेमच्या डब्याचे कल्ले कसे उघडणार? वेष्टन फाडलं की दुकानदार परत घेत नाही.

म्हणून तर निन्टेंडोने शिक्का आणला होता. जरा जुनी गोष्ट सांगतो, शाळामास्तर आहे, सवय जात नाही.

१९८३ मध्ये अमेरिकेतला व्हिडिओ गेमचा बाजार कोसळला. कुणीही उठावं आणि अटारी या तेव्हाच्या यंत्रासाठी काडतूस (म्हणजे गेम भरलेली डबी) काढावं अशी परिस्थिती होती, त्यात कचरा इतका झाला की दुकानदारांनी हात वर केले. अटारीने न खपलेला माल न्यू मेक्सिकोत अलामोगोर्डोच्या कचरा डेपोत खड्डा करून पुरला. लोकांना ही दंतकथा वाटायची. २०१४ ला खणून बघितलं तर खरंच गेम निघाले!

त्यानंतर १९८५ मध्ये निन्टेंडो अमेरिकेत उतरली ती दोन कुलुपं घेऊन. एक, यंत्रात चिप, जी परवानगी नसलेलं काडतूस चालूच होऊ देत नाही. दोन, पब्लिशरला वर्षाला पाचच गेम काढायची मुभा. पाचच म्हटल्यावर माणूस निवडून काढतो. (पळवाटाही निघाल्याच. कोनामीने ‘अल्ट्रा’ नावाची दुसरी कंपनी काढून आणखी पाच पदरात पाडून घेतले. एका कार्डावर रेशन संपलं की भावाच्या नावाचं कार्ड!) आणि डब्यावर सोनेरी गोल शिक्का, ‘क्वालिटी’ची हमी देणारा. आपल्याकडे मिक्सर घेताना आई आयएसआयचा मार्क बघायची, तसं तिथल्या आया तो शिक्का बघायच्या.

आता खरी मेख. २००३ च्या सुमारास अमेरिकेत त्या शिक्क्यातून ‘क्वालिटी’ हा शब्द गुपचूप काढला. उरलं नुसतं ‘अधिकृत शिक्का’. म्हणजे पारंबींनी घोडा घेतला तेव्हा डब्यावर शिक्का होता, पण तो एवढंच सांगत होता की ही डिस्क वीमध्ये चालेल.

---

वडाची_पारंबी

मास्तर, शिक्का होता! आत्ता खाली जाऊन बघून आलो. वीस वर्षं मी त्याला आयएसआयच समजत होतो.

---

रात्रपाळी

पुण्यात सहा वर्षं गेम टेस्टिंग केलंय. कुठे ते विचारू नका, कागदावर सही केलीय. पण मास्तरांच्या मुद्द्याला आतून दुजोरा देतो.

निन्टेंडोकडे गेम पाठवला की तिथे त्याची एक तपासणी होते, तिला ‘लॉटचेक’ म्हणतात. ती पास झाल्याशिवाय गेम बाजारात येत नाही. त्यात काय बघतात? खेळ चालू असताना रिमोटचे सेल काढले तर गेम नीट थांबतो का. साठवलेली फाइल खराब झाली तर ठरलेल्या शब्दांत संदेश येतो का. होम बटण दाबलं तर मेनू येतो का. सुरुवातीला ‘मनगटाला पट्टा बांधा’चं चित्र येतं का. (पट्ट्याचं प्रकरण साधं नाही. पहिल्याच महिन्यात लोकांचे रिमोट सुटून टीव्हीवर आदळायला लागले, आणि निन्टेंडोने ३२ लाख पट्टे बदलून द्यायची तयारी दाखवली.)

या सगळ्यात कुठेही ‘घोडा कुंपणातून जातो का’ हा प्रश्न नाही. गेम बंद पडला नाही, यंत्र लटकलं नाही, पट्ट्याचं चित्र आलं. पास! मजा येते का हे बघणं निन्टेंडोचं काम नाही, ते पब्लिशरचं.

आणि पब्लिशरकडे टेस्टरच्या यादीवर शेवटच्या आठवड्यात काय होतं ते सांगतो. प्रत्येक चुकीला ए, बी, सी अशी प्रत लावलेली असते. ए म्हणजे गेम बंद पडतो. घोडा कुंपणात अडकतो पण मेनूतून बाहेर पडता येतं, म्हणजे बी. तारीख जवळ आली की मीटिंगमध्ये बीच्या सी होतात. मी एकदा अशाच एका गेमवर हट्ट धरला होता, तेव्हा समोरच्याने जे म्हटलं तेच या धाग्याचं शीर्षक आहे. इंग्रजीत म्हटलं होतं, एवढाच फरक.

---

हिरवा_टोमॅटो

रात्रपाळी, काटा आला अंगावर.

एक बाळबोध प्रश्न. आमच्या नाशकात भावाने दुबईहून स्विच (निन्टेंडोचंच वीनंतरचं यंत्र) आणून दिलाय, मुलगा आठ वर्षांचा. ऑनलाइन दुकानात ८०-९० रुपयांना मिळणारे शेकडो गेम दिसतात, सगळ्यांची चित्रं चकचकीत. आता हे कसं ओळखायचं?

---

तिरकस_तिरफळ

चित्र बघायचं नाही, चालता व्हिडिओ बघायचा. डब्यावरच्या नावात दुसऱ्या प्रसिद्ध गेमच्या नावाचा वास येत असेल तर पुढे जायचं. झालं.

---

भवानी_मंडप

कोल्हापूरकर आलेत, सरका.

आमच्यात फुटबॉल म्हणजे काय ते पाटाकडील-दिलबहारच्या मॅचला शाहू स्टेडियमवर या, मग कळंल. त्यामुळं माझा विषय फिफा, ईए कंपनीचा फुटबॉलचा गेम. युबिसॉफ्टला काय धरून बसलाय, ईएचं बघा की. स्विचवर २०१८ ला फिफा १९ आला. पुढच्या वर्षी फिफा २०, नाव काय तर ‘लेगसी एडिशन’. खेळ तोच, जर्सी नवी, संघातली नावं नवी. मग २१ लेगसी, २२ लेगसी, २३ लेगसी. चार वर्षं! प्लेस्टेशनवाल्याला नवा खेळ आणि स्विचवाल्याला त्याच पोराला नवी चड्डी. त्याआधी वीवरबी हेच झालेलं, तिथं तर २०१४ पर्यंत लेगसीच चालू.

पण एक मानतो. डब्यावर ‘लेगसी’ लिहिलं तरी. सांगून फसवलं. २०२३ ला नाव बदलून ‘एफसी २४’ आला तेव्हा कुठं नवं इंजिन (गेम चालवणारा मूळ प्रोग्रॅम) स्विचला मिळालं. मी मधली चार वर्षं काय घेतलंच नाही, पेठेतल्या पोरांबरोबर मैदानावर खेळलो. गुडघा गेला ते वेगळं.

---

कढीलिंबाची_फांदी

‘त्याच पोराला नवी चड्डी’ 😂

पण मंडप, लेगसी या शब्दाचा अर्थ ‘वारसा’. दुकानात उभी असलेली आजी तो शब्द वाचून काय समजेल? काहीतरी खास आवृत्ती असणार, म्हणून उलट तोच उचलेल. याला सांगून फसवणं म्हणत नाहीत, याला फसवणंच म्हणतात.

---

खडूचा_तुकडा

गाडी युबिसॉफ्टवर परत आणतो, कारण पारंबींनी ‘मारिओला हाताशी धरून’ एवढ्या एका ओळीत जे उरकलंय ते पुन्हा पुन्हा बघण्यासारखं आहे.

जून २०१७, लॉस एंजेलिसमधला गेम कंपन्यांचा ई३ हा मेळा. युबिसॉफ्टचे प्रमुख इव्ह गिमो मंचावर येतात, आणि सोबत कोण, तर मारिओचे जनक शिगेरू मियामोतो. दोघांच्या हातात त्या गेममधल्या खोट्या बंदुका. मारिओ आणि ते आचरट ससे एकत्र, बुद्धिबळासारखा डाव टाकून खेळायचा गेम. बातमी आधीच फुटली होती आणि लोकांनी टर उडवली होती, की मारिओच्या हातात बंदूक, वर ते ससे, काय हा पोरकटपणा. मियामोतो मंचावरून गेमचा दिग्दर्शक दाविदे सोलियानी याचं नाव घेतात. कॅमेरा प्रेक्षकांकडे वळतो, आणि हा मिलान स्टुडिओचा दाढीवाला माणूस ढसाढसा रडतोय. लपवत नाही, पुसत नाही.

लहानपणापासून ज्याचे गेम खेळला त्या माणसाने भर सभेत आपलं नाव घेतलं, दुसरं काय. ऑगस्टमध्ये ‘किंगडम बॅटल’ आला आणि टर उडवणारे गप्प झाले. हिरवा टोमॅटो, तुमच्या आठ वर्षांच्या मुलाला हाच घ्या. सेलमध्ये अगदी स्वस्त मिळतो.

---

तिरकस_तिरफळ

मास्तर, रडगाण्याला मी हसलो, पण तो व्हिडिओ मलाही बघवत नाही, मान्य.

फक्त पुढचं सांगा की. २०२२ ला दुसरा भाग ‘स्पार्क्स ऑफ होप’ आला. चांगला होता, कौतुकही झालं, विक्री मात्र अपेक्षेइतकी नाही. गिमोंनी नंतर मुलाखतीत स्वतःच म्हटलं, की निन्टेंडोच्या पुढच्या यंत्रासाठी थांबायला हवं होतं. चांगला माल दिला, हाती काय लागलं?

---

रात्रपाळी

तिरफळ, आता तुमच्या बाजूने नाही पण तुमच्याच मुद्द्यावर. माझ्या मते युबिसॉफ्टचा खरा कस २०१३ ला लागला, आणि तिथे ते घसरले.

‘रेमन लेजेंड्स’. फ्रान्समधल्या मॉन्पेलिए स्टुडिओने खास वी यू (वीच्या पुढचं यंत्र) साठी बनवलेला. ज्याच्या हातात पडदावाला मोठा कंट्रोलर तो बोटाने दोर कापतोय, पूल फिरवतोय, आणि दुसरा रिमोटवर उड्या मारतोय. आई पडद्यावर बोट फिरवते आणि पोरगा पळतो, असा खेळ. फेब्रुवारी २०१३ च्या शेवटी येणार होता. काही आठवडे आधी कंपनीने सांगितलं, आता सप्टेंबर. का? काम राहिलं होतं म्हणून नाही. बाकीच्या यंत्रांवरही एकदमच आणायचा होता म्हणून. वी यू खपत नव्हता, हिशोब बरोबर होता. पण ज्यांनी याच गेमसाठी वी यू घेतला ते भडकले, आणि बनवणाऱ्या पोरांचीही तोंडं उतरली.

टेस्टर म्हणून सांगतो, चूक काढणाऱ्याला शिव्या खायची सवय असते. पण पूर्ण झालेला, दुरुस्त केलेला, चकाचक गेम सहा महिने कपाटात ठेवणं म्हणजे पंगत बसलीय, पानं वाढलीयत, आणि पाहुणे यायचेत म्हणून थांबा.

गेम आला तेव्हा उत्तम होता. वी यू वरच सगळ्यात उत्तम, असं आजही म्हणणारे आहेत. म्हणजे पुन्हा तेच, बनवणारे पास, विकणाऱ्यांचं बघा.

---

वडाची_पारंबी

हे वेगळं करायला हवं होतं मी आधीच. बनवणारे आणि विकणारे. ‘कंपनीची नियत’ असा एकच शब्द वापरला, चुकलंच.

याचं अजून एक उदाहरण ‘रेड स्टील’चंच. २००९ ला रिमोटला लावायचा मोशनप्लस नावाचा ठोकळा आला, त्याने हाताचा कोन नीट कळायला लागला. तेव्हा यांनी दुसरा भाग फक्त त्या ठोकळ्यावरच चालेल असा बनवला, २०१० मध्ये. पहिल्या वेळी दिलेला शब्द चार वर्षांनी पाळला म्हणा. तलवार खरंच हाताबरोबर फिरते. आणि पहिल्याइतका तो खपला नाही! शब्द मोडला तेव्हा दहा लाख, पाळला तेव्हा कमी.

---

हिरवा_टोमॅटो

अवांतर : रात्रपाळी, पुण्यात या कंपनीचा स्टुडिओ आहे ना? माझा मावसभाऊ सांगत होता.

---

रात्रपाळी

आहे की. २००८ मध्ये गेमलॉफ्टचा पुण्यातला स्टुडिओ युबिसॉफ्टने घेतला, पुढे २०१८ ला मुंबईतही काढला. (मी तिथे होतो की नव्हतो यावर पुन्हा एकदा मौन.) आणि फांदीताई, तुमच्या सासूबाईंच्या त्या ‘जस्ट डान्स’च्या नंतरच्या आवृत्त्यांच्या श्रेयनामावलीत पुण्याचं नाव आहे. २०१९ च्या नोव्हेंबरमध्ये अमेरिकेत वीवर शेवटचा गेम आला, तो ‘जस्ट डान्स २०२०’. वीला तेरा वर्षं झाली होती, निन्टेंडोनेच हात धुऊन टाकले होते, दोन नवी यंत्रं आली होती, पण हे अजून वीची डिस्क काढतायत! पुण्यात हिंजवडीचा ट्रॅफिक तुंबलाय आणि इकडे नामावलीत पुणेकरांची नावं असलेली डिस्क कुठल्यातरी आजीच्या घरी फिरतेय.

दुसरी बाजूही सांगतो. ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’च्या जुन्या गाजलेल्या भागाचं नवं रूप पुणे-मुंबईला दिलं होतं. २०२० च्या सप्टेंबरमध्ये झलक दाखवली, चित्रं जुनाट म्हणून जगभर टीका झाली, तारीख पुढे, अजून पुढे, शेवटी २०२२ ला काम मॉन्ट्रियलला गेलं. तेव्हा इथल्या पोरांना खूप लागलं. नाक्यावरचा चहावालासुद्धा विचारायचा, ‘काय झालं तुमच्या राजपुत्राचं?’

---

खडूचा_तुकडा

आणि त्याच राजपुत्राचा नवा भाग ‘द लॉस्ट क्राउन’ जानेवारी २०२४ ला मॉन्पेलिएच्या लोकांनी काढला. तेव्हा सात वर्षं जुन्या झालेल्या स्विचवर सेकंदाला साठ चित्रं, कुठे अडखळत नाही. बाकीचे मोठे गेम स्विचवर तीस गाठताना धापा टाकतात. हेच ते ‘लेजेंड्स’वाले. समीक्षकांनी डोक्यावर घेतला, विक्री कंपनीच्या मनासारखी झाली नाही, तो संघ त्याच वर्षी विखुरला.

---

तिरकस_तिरफळ

मी काही बोलत नाही.

---

भवानी_मंडप

तिरफळ गप्प? धागा सार्थकी लागला 😄

बरं स्विच २ च्या रिकाम्या काडतुसांचं काय? डब्यात कार्ड असतंय पण कार्डात गेम नाही, नुसती किल्ली. नेटवरून सगळा उतरवून घ्यायचा.

---

रात्रपाळी

गेम-की कार्ड. जून २०२५ ला स्विच २ आला तेव्हापासून ही भानगड. युबिसॉफ्टचा ‘स्टार वॉर्स आउटलॉज’ असाच आला. त्यांच्या एका अभियंत्याने कारण दिलं की त्यांचं इंजिन जग सतत ताटात वाढत राहतं, आणि तेवढ्या वेगाने कार्डातून माल उचलला जात नाही. मला हे पटतं, तांत्रिकदृष्ट्या शक्य आहे. पण जूनमध्येच यंत्राबरोबर एका पोलिश कंपनीचा ‘सायबरपंक’ आला, तो सगळा ६४ जीबीच्या कार्डात कोंबून. २०२० ला याच पोलिश कंपनीचा हाच गेम प्लेस्टेशनवर इतका मोडका आला होता की सोनीने आपल्या दुकानातून काढून टाकला होता. एकदा तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो.

हिरवा टोमॅटो, तुमच्याकडे वायफाय बरं असेल तर की कार्डाचा त्रास नाही. गावी नेऊन खेळायचं असेल तर मात्र आधी घरी उतरवून घ्या. डब्यावर खाली पट्टी असते, ती वाचा.

---

हिरवा_टोमॅटो

वाचते. ‘किंगडम बॅटल’ घेतला काल. मुलगा पहिल्या लढाईत तीनदा हरला आणि म्हणाला, "थांब, मी मारिओला उंचावर नेतो." चुकलं काय ते त्याला कळलं, आणि ते त्याचंच चुकलं होतं. एवढं पुरे मला.

---

वडाची_पारंबी

अहवाल देतो. काल रात्री लेक म्हणाली, लावून बघू. वी चालू झाला! पण टीव्हीवर ठेवायची ती सेन्सरची पट्टी उंदराने वायर कुरतडून संपवलेली. तिच्याशिवाय पडद्यावर बाण दिसत नाही. लेकीने कुठेतरी वाचलं होतं की त्या पट्टीत दोन्ही टोकांना फक्त इन्फ्रारेड दिवे असतात, बघायचं काम रिमोट करतो. दिवाळीच्या दोन पणत्या काढल्या, टीव्हीसमोर वीतभर अंतरावर ठेवल्या, पेटवल्या. बाण आला! ज्योत हलली की बाणही थरथरतो, पण येतो.

गाय फेकली. तिने माझ्यापेक्षा लांब.

मग तिनेच घोड्याची डिस्क लावली. तिसरं मिनिट, तेच कुंपण, तोच घोडा निम्मा अलीकडे. आम्ही दोघं बघत बसलो. तिने मोबाइलवर त्याचा व्हिडिओ काढला आणि मैत्रिणींच्या ग्रुपवर टाकला, खाली इंग्रजीत तीन शब्द, ते इथे लिहिण्यासारखे नाहीत.

---

कढीलिंबाची_फांदी

बोंब मारली म्हणायची अखेर! पणत्या टीव्हीपासून जरा लांब ठेवा हो, आणि पडदा बाजूला सारा. आमच्याकडे एकदा जळालाय.